वहीतली लिफ्ट

बायको गेल्याचं कळलं त्या सकाळी तो लिफ्टच्या दाराविषयी पेपर लिहीत होता. दार पूर्ण लागलेलं नसताना लिफ्ट जागची हलू नये म्हणून कोणत्या तीन सोयी असतात, असा प्रश्न होता. दोन लिहून झाल्या होत्या. पेपराच्या वेळी सगळ्यांचे फोन मास्तरांच्या टेबलावर एका प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवायची पद्धत होती. त्यातला एक सारखा थरथरत होता. मास्तरांनी त्याच्याखाली रुमाल सारला. थरथर ऐकू यायची थांबली आणि त्याला तिसरी सोय आठवली.

पेपर देऊन त्याने फोन उचलला. मेहुण्याचे चौदा फोन येऊन गेले होते, लेकीचे नऊ. त्याने मेहुण्याला लावला. लेकीला लावायचा धीर झाला नाही.

"भाऊजी, बसलाय का कुठे?"

"उभा आहे."

"मग बसा आधी."

"तू बोल. उभ्यानेच ऐकतो."

मेहुण्याने सांगितलं. ताईने सकाळी दूध गॅसवर ठेवलं, खुर्ची ओढून बसली, आणि दूध उतू गेलं तरी उठली नाही. करपल्याचा वास आला म्हणून लेक आतून बडबडत आली, तेव्हा कळलं. डॉक्टर आले, पण ते लिहून देण्यापुरतेच.

त्या पेपरात त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. सबंध कोर्समध्ये असं एकदाच झालं.

तो त्रेपन्न वर्षांचा लिफ्ट मेकॅनिक. तीस वर्षं एकाच कंपनीत काढलेली. हातात पाना आणि कानात लिफ्टचा आवाज, एवढ्यावर त्याचं निभत आलं होतं. मग कंपनीने जुन्या लिफ्ट काढून नव्या, कॉम्प्युटरवाल्या बसवायचं काम घेतलं. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, परदेशात तीन महिन्यांचा कोर्स आहे, करून या. पास झालात तर तुमच्या हाताखाली आठ माणसं. नाही झालात तर गोदामात एक जागा आहेच. गोदाम त्याने पाहिलं होतं.

त्याच्याबरोबर कंपनीतला एक तरुण इंजिनिअरही आला होता. तो वर्गात, कँटीनमध्ये, इतकंच काय, कपडे धुवायला जातानाही टाय लावायचा. म्हणून सगळे त्याला टायच म्हणत. टायला अभ्यास जड नव्हता. संध्याकाळ झाली की तो जो बाहेर पडे तो जेवायलाच परते.

शहर देखणं होतं, असं सगळे म्हणत. डोंगराच्या उतारावर पांढरी घरं, प्रत्येक गल्लीच्या टोकाला समुद्र, बंदरात शिडाच्या होड्या. लोक लांबून लांबून ते बघायला येत. त्याच्या खोलीच्या खिडकीतून एका लाँड्रीची मागची भिंत दिसे आणि भिंतीतून बाहेर आलेला वाफेचा पाइप.

बायको हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. अठ्ठावीस वर्षं तिने लोकांचे निरोप ऐकले, लिहून घेतले आणि पोचवले. तो निघाला तेव्हा बॅगेची चेन लावता लावता तिने त्याला बजावलं होतं, "हे बघा, तिथे जाऊन खोलीत घुबडासारखे बसून राहू नका."

"फिरायला नाही चाललो. शिकायला चाललोय."

"शिका की, नको कोण म्हणतंय? पण संध्याकाळी जरा बाहेर पडा. आठवड्यातून दोन जागा तरी बघा आणि मला सांगा. मला कोण नेणारे तिकडे? बुधवारी एक आणि रविवारी एक. मी विचारणार आहे."

फोन रोजच व्हायचा, संध्याकाळी सातला. पण बघितलेलं सांगायचे वार हे दोन. पहिल्या बुधवारी त्याने खरं ते सांगितलं.

"काय बघितलं?"

"पुस्तक."

"आणि?"

"शब्दकोश."

यावर तिने वीस मिनिटं त्याची हजेरी घेतली. "अहो, समुद्र ओलांडून गेलात आणि बघताय काय, तर शब्दकोश! तो इथे कपाटात होताच की!" रविवारी तेच झालं, फक्त पंचवीस मिनिटं.

पुढच्या बुधवारी सात वाजले तेव्हा त्याच्या पुढ्यात धडा होता आणि धड्यात खूण म्हणून घातलेलं एक रंगीत पत्रक. हॉस्टेलच्या ऑफिसबाहेर तसल्या पत्रकांची मांडणी होती. त्यातलं एक खाली पडलेलं त्याने उचलून आणलं होतं. तिथली भाषा त्याला लिफ्टपुरतीच वाचता यायची, पण चित्रं छान होती.

"मग? काय बघितलं?"

त्याने पत्रक उघडलं. "दीपगृह."

"खरंच? कसं आहे?"

"उंच आहे."

"उंच असणारच, दीपगृह आहे ते. नीट सांगा ना. पायऱ्या किती?"

"दोनशे चाळीस."

"सगळ्या चढलात?"

"चढलो."

"आणि गुडघा?"

"दुखतोय."

गुडघा खरंच दुखत होता. दिवसभर खुर्चीवर बसून दुखत होता, एवढंच.

तिचा आवाज त्या दिवशी इतका खुलला की त्याला खोटं बोलल्याचं काही वाटलंच नाही. वाटलं ते दुसऱ्या दिवशी, पण तोवर रविवार जवळ आला होता.

पत्रकात सतरा चित्रं होती. तो पद्धतशीर माणूस, त्यामुळे क्रम लावून घेतला. बुधवारी आणि रविवारी जेवण लवकर उरकायचं, एक चित्र समोर ठेवायचं आणि त्यात पाऊण तास हिंडायचं. मासळी बाजारात त्याने एका म्हातारीशी भांडण केलं. जुन्या तटावर वाऱ्याने त्याची टोपी उडाली आणि एका कुत्र्याने ती आणून दिली. टोपी त्याच्याकडे नव्हती आणि हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून कुत्र्याच्या आधी टोपी विकत घ्यावी लागली, तीही फोनवरच. ह्या सगळ्यात जेवढा वेळ जाई तेवढ्यात माणूस चालत बंदरावर जाऊन परत आला असता. हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण बाहेर पडायचं म्हणजे अभ्यास बुडवणं, आणि टेबलाशी बसून पत्रक बघणं हे त्याला अभ्यासातच धरल्यासारखं वाटे.

"तुम्हाला एवढं बोलता येतं हे लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर कळतंय," ती म्हणाली एकदा. "आधी परदेशात पाठवायला हवं होतं."

सतरावं चित्र त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात समुद्राकाठचा उभा कडा होता, आणि कड्याला लावून उभी केलेली लोखंडी मनोऱ्याची लिफ्ट. खाली वाळू आणि पायथा झाकणारी गर्दी, वर गाव, माथ्याजवळ लाकडी केबिन. इथे काही रचायची गरजच पडली नाही, असं त्याला वाटलं. त्याने सगळी लिफ्ट तिला उलगडून सांगितली: माथ्यावरची मशीनरूम, तिथली जुनी मोटर, दोरांची जाडी, मागून उतरणारं वजन, पितळी हँडल, सुटताना बसणारा हलका हिसका. बोलता बोलता चाळीस मिनिटं गेली.

"अहो, सख्ख्या भावाबद्दल बोलावं तसं बोलताय," ती हसून म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि वरून काय दिसतं?"

त्याने पत्रकाकडे पाहिलं. चित्र खालून काढलेलं होतं. इतर सोळा जागी त्याने न दिसणारंही सांगितलं होतं, पण लिफ्टच्या बाबतीत अंदाजाने बोलायची त्याला सवय नव्हती.

"आज वर गेलो नाही. रांग होती."

"रांगेत उभं राहायला काय झालं होतं? राजे लागून गेलात?"

"अभ्यास होता. उद्या पेपर आहे."

"मग उद्या पेपर झाला की जा आणि संध्याकाळी सांगा."

"सांगतो."

तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी फोन टोपलीत होता.

घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं, हे मेहुण्याने तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा तो "बरोबर आहे" म्हणाला. माणसं येत होती. हॉस्पिटलातल्या बायका आल्या आणि त्याच्याकडे बघून एक म्हणाली, "बाई रोज सांगायच्या हो आम्हाला. तुमचं ते दीपगृह, तो कुत्रा. डब्याच्या सुट्टीत आम्ही सगळ्या तिथेच असायचो." दुसरीने विचारलं, "टोपी आणलीत का ती?" त्याने सांगितलं, तिकडेच राहिली.

चौथ्या दिवशी लेकीने एक वही आणून त्याच्या मांडीवर ठेवली. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बोलण्यात सगळी आईवर गेलेली. "आईची आहे. तुमचे फोन ती लिहून ठेवायची."

वही हॉस्पिटलच्या पद्धतीने आखलेली होती. तारीख, वेळ, निरोप, शेरा. त्याने पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

निरोप: दीपगृह बघितलं. पायऱ्या २४०. शेरा: गुडघा दुखतो. तेल चोळायला सांगणे.

निरोप: तटावर टोपी उडाली, कुत्र्याने आणली. शेरा: टोपी निळी.

तीन पानं पुढे, निरोप: पुन्हा दीपगृहाचा विषय निघाला. पायऱ्या २१४. शेरा: आधी २४०.

आणखी पुढे, निरोप: बागेत बाकावर टोपी विसरले, परत जाऊन आणली. शेरा: करडी म्हणाले. आधी निळी.

असे पाच-सहा शेरे होते. खाली रेघ नाही, पुढे प्रश्नचिन्ह नाही. निरोप जुळत नसेल तर शेऱ्यात लिहायचं आणि पुढचा फोन घ्यायचा, ही तिची अठ्ठावीस वर्षांची रीत. एकदाही तिने ते बोलून दाखवलं नव्हतं. तिला कळलं होतं का, आणि कळलं असेल तर किती, हे काही वहीत नव्हतं. त्याने रकाने उभे-आडवे सगळे पाहिले.

शेवटची नोंद अशी होती. निरोप: समुद्रकाठची लिफ्ट. फार खूश. शेरा: वरून काय दिसतं, उद्या सांगणार.

"बाबा, तुम्ही परत जा," लेक म्हणाली.

"आता काय करायचंय जाऊन?"

"कोर्स करायचाय. तीन आठवडे राहिलेत. आई असती तर तिने बॅग भरून दारात ठेवली असती."

"तू एकटी..."

"एकटी कुठली? मामी ठाण मांडून बसलीय, हलतेय का बघा. आणि ती लिफ्ट राहिलीय ना? वर जाऊन बघा आणि मला सांगा. आईच्या वहीत ते अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही. फोटोही पाठवा. इतके दिवस एक फोटो नाही तुमचा."

"कॅमेरा बिघडलाय."

तिने त्याच्या हातातून फोन घेतला, त्याचाच एक फोटो काढला आणि त्याच्यापुढे धरला. "चालतोय की."

"तिकडच्या हवेने बिघडत असेल."

लेकीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि फोन परत दिला. ती नजरही आईचीच होती.

परत आला तो शनिवारी. राहून गेलेले दोन पेपर सोमवारी घेऊ, असं मास्तरांनी कळवलं होतं. त्याने बॅग ठेवली, पत्रक घेतलं आणि टायच्या खोलीचं दार वाजवलं. टाय शर्टाला इस्त्री करत होता.

"काका! आलात? मी... म्हणजे काकूंचं..."

"हो. तू सगळं गाव बघितलंयस ना? मला उद्या ह्या लिफ्टपाशी ने."

बोलायचं दुसरं काही मिळालं म्हणून टायला सुटल्यासारखं झालं. त्याने पत्रक निरखलं, उलटं केलं, सुलटं केलं. "काका, हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? इथलंच."

"इथे अशी लिफ्ट नाही. मी गल्ली न् गल्ली पालथी घातलीय. आणि हे दीपगृह? आपल्या बंदरावर दीपगृहच नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. हा तट, हा बाजार... काका, ह्यातलं एकही इथलं नाही."

दोघे खाली ऑफिसात गेले. तिथल्या बाईने पत्रक हातात घेतलं आणि बघताक्षणी ओळखलं. हे पलीकडच्या गावाचं. बोटीने अडीच तास. बोटीची कंपनी आपली पत्रकं सगळीकडे ठेवून जाते.

टायने हे त्याला समजावून सांगितलं. समजावायची गरज नव्हती, कळलं होतं. तो तिथल्या बाकावर बसला. बायकोशी नऊ आठवडे खोटं बोललो, आणि तेही दुसऱ्याच गावाबद्दल. निदान ह्या गावाबद्दल बोललो असतो तर थोडंफार तरी खऱ्याच्या जवळ राहिलं असतं. त्या जागा पायी पोचण्याइतक्या जवळ तरी असत्या. हे तर पार समुद्रापलीकडे गेलं.

"बोट कधी असते?" त्याने विचारलं.

"फक्त रविवारी. सकाळी नऊला सुटते, चारला तिकडून परत. पण काका, सोमवारी तुमचे दोन पेपर आहेत."

"आहेत."

"मग?"

"तू येतोस का? मला तिकडे बोलता यायचं नाही."

टाय आला. बोटीवरही टाय लावून आला. वाऱ्याने गळ्यातला टाय सारखा तोंडावर येत होता आणि तो हाताने खाली सारत होता. वाटेत त्याने टायला सगळं सांगितलं: बुधवार, रविवार, टोपी, कुत्रा. शेवटी टाय म्हणाला, "काका, लोक बाहेर उंडारून येतात आणि बायकोला सांगतात, खोलीत अभ्यास करत होतो. तुम्ही उलटं कसं केलंत?"

"तिला आवडायचं."

"मग जायचं ना माझ्याबरोबर! किती वेळा बोलावलं तुम्हाला!"

"बोलावलंस," तो म्हणाला. उरलेली वाट दोघांनी समुद्र बघितला. समुद्र भरपूर होता.

गाव लहान होतं. चित्रांत मोठं दिसत होतं. दीपगृह धक्क्यापाशीच लागलं. दाराला कुलूप होतं आणि समोर एक चौकीदार खुर्ची टाकून बसला होता. टायने विचारलं, वर जाता येईल का? नाही, लोकांसाठी बंद. बरं, पायऱ्या किती आहेत? चौकीदार म्हणाला, मी कधी चढलो नाही.

"किती वर्षं आहे म्हणावं इथे?"

टायने विचारलं. "एकोणीस वर्षं म्हणतोय."

त्याने बरोबर आणलेली बायकोची वही काढली, दीपगृहाचं ते दुसरं पान उघडलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही आकड्यांच्या खाली लिहिलं: 'बंद. कोणालाच माहीत नाही.' तिच्या अक्षराखाली त्याचं अक्षर फार मोठं दिसत होतं.

मग ते लिफ्टपाशी गेले.

लिफ्ट चालू होती, हे त्याला लांबूनच आवाजावरून कळलं. पण आवाज ओळखीचा नव्हता. मोटरचा नव्हताच. तो जवळ गेला, मान वर केली आणि तसाच उभा राहिला. एक केबिन नव्हती, दोन होत्या. एक खाली येई तेव्हा दुसरी वर जाई. माथ्यावर मशीनरूम नव्हती. खाली चालवणारी बाई होती, रबरी बूट घातलेली, पन्नाशीची.

"तिला विचार, मोटर कुठे आहे."

"मोटर नाही म्हणते. पाणी आहे."

"पाणी? कसलं पाणी?"

टायने विचारत विचारत सांगितलं. वरच्या केबिनच्या पोटात टाकी आहे. वर ओढ्याचं पाणी त्या टाकीत भरतात. ती जड होते, खाली येते आणि खालचीला वर ओढते. खाली आली की पाणी सोडून देतात. बस्स, एवढंच. शंभराच्या वर वर्षं झाली.

"आणि ब्रेक?"

बाईने ब्रेक दाखवला. पितळी हँडल नव्हतं, लोखंडी चाक होतं. तो गुडघा विसरून खाली बसला आणि चाकाच्या मागे वाकून बघू लागला. माणसं किती, टाकीत पाणी किती भरायचं ते कोण ठरवतं? बाई म्हणाली, वरचा माणूस घंटा वाजवतो, मी किती माणसं बसली ते उलट घंटेने सांगते, तेवढंच तो पाणी भरतो. लठ्ठ माणसं असली तर? मग एक घंटा जास्त. टाय हे सांगताना हसला आणि तोही हसला. त्याने टाकीचा व्हॉल्व्ह पाहिला, दोर हाताने चाचपले, ग्रीस लावून घेतलेलं बोट नाकाशी नेलं. बाईही खूश झाली. फोटो काढणारे रोज येत. ब्रेकबद्दल विचारणारा पहिल्यांदाच आला होता.

पाऊण तास गेला. त्यातली निदान दहा मिनिटं बायको गेली आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं. आठवलं तेव्हा त्याने बोटाचं ग्रीस रुमालाला पुसलं आणि म्हणाला, "चल, वर जाऊ."

बायकोला सांगितलेलं एकूण एक चुकलं होतं. मोटर, मशीनरूम, मागचं वजन, हँडल. सुटताना हिसका बसला, तेवढा मात्र बसला. केबिन लाकडी होती हेही खरं, पण ते चित्रातच दिसत होतं.

केबिनच्या मागच्या बाजूला खिडकी नव्हती, फळ्या होत्या. वर पोचल्यावर घंटा झाली आणि दार उघडलं. दार गावाच्या बाजूला उघडत होतं.

समोर बसथांबा होता. बसथांब्यावर एक बाई पिशवी घेऊन उभी होती. पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान, रविवारमुळे बंद. त्याच्या वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी, चार पांढऱ्या आणि एक फुलांची. डाव्या हाताला कचऱ्याचे डबे. उजव्या हाताला चढ.

"समुद्र कुठे गेला?" टाय म्हणाला.

समुद्र मागे होता. मागे डोक्यापेक्षा उंच भिंत होती. वरचा पाणी भरणारा माणूस म्हणाला, वारा फार असतो म्हणून बांधली. सगळे विचारतात. चढाने दहा मिनिटं गेलात तर छान दिसतो समुद्र.

"काका, चला ना. दहाच मिनिटं आहेत. नाहीतर ह्या भिंतीवर चढा, मी धरतो."

"नको. लिफ्टने वर गेल्यावर काय दिसतं, असं विचारलं होतं तिने. हे दिसतं."

त्याने वही उघडली. शेवटच्या नोंदीपुढे, कामाच्या रजिस्टरात लिहितो तसं लिहिलं: 'रविवार, दुपारी १.२०. बसथांबा. सायकलचं दुकान, बंद. चादरी पाच. समुद्र दिसत नाही.' मग पुन्हा वाचून बघितलं आणि पुढे 'प्रत्यक्ष पाहिलं' असं घालून सही केली. मग फोटो काढला आणि लेकीला पाठवला.

मिनिटभरात तिचा फोन आला. "बाबा, हे काय आहे?"

"वरून दिसतं ते."

"बसथांबा?"

"हो."

ती हसायला लागली. आई गेल्यानंतर ती हसल्याचं त्याने पहिल्यांदा ऐकलं. "आई म्हणाली असती, एवढं वर जाऊन बघितलं काय, तर बसथांबा! तो इथे चौकात होताच की!"

"असंच म्हणाली असती."

"बाबा, ऐका ना. मी ठरवलंय. नोकरी लागली की पहिल्यांदा तिथे जायचं. आईची वही घेऊन. सतराच्या सतरा जागा, तिने लिहिल्यात त्याच क्रमाने. तो मासळी बाजार, तो तट, सगळं. त्या म्हातारीशी पण भांडून येईन."

टाय बाजूला उभा राहून त्याच्याकडे बघत होता. फोनचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्याने भुवया उंचावल्या आणि हाताने खूण केली: सांगा, आत्ता सांगा.

"अगं, ते..." तो म्हणाला.

"काय?"

बस आली. पिशवीवाली बाई चढली. दार लागलं आणि बस चढाने निघून गेली. बसथांब्यावर आता कोणीच नव्हतं.

"काही नाही. घरी आल्यावर बोलू."

"बरं. जेवलात का?"

"आता जेवतो."

बोटीत बसल्यावर टायने गळ्यातला टाय सोडून खिशात ठेवला आणि म्हणाला, "काका, मी असतो तर मलाही जमलं नसतं."

सोमवारच्या दोन्ही पेपरांत तो दोन-दोन मार्कांनी पास झाला. कोर्सही पास झाला. आता त्याच्या हाताखाली आठ माणसं आहेत. तो त्यांना पाण्यावर चालणाऱ्या लिफ्टबद्दल सांगतो तेव्हा त्यांना ती थाप वाटते.

घरी येऊन सात महिने झाले. ह्या महिन्यात लेकीला नोकरी लागली. रोज जेवण झालं की ती वही घेऊन त्याच्या समोर बसते, नकाशा उघडते आणि विचारते, "बाबा, तुमच्या हॉस्टेलपासून दीपगृह किती लांब?" तो म्हणतो, आहे थोडं लांब. दीपगृहाच्या पानावरचं त्याचं अक्षर तिने पाहिलं, आणि तेवढ्याबद्दल काही विचारलं नाही. पहिला पगार हातात आला की ती तिकीट काढणार आहे, जिथे त्याने तीन महिने लाँड्रीची भिंत बघितली त्या शहराचं. त्याआधी तिला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.